पट तोच, चाल मात्र समोरच्याची: राजाचा त्रिकोण

बुद्धिबळात राजे आणि प्यादीच उरलेल्या एंडगेममध्ये (डावाच्या शेवटच्या टप्प्यात) अनेकदा अशी स्थिती येते की ज्याची चाल, तो अडचणीत. चाल आपलीच असेल आणि प्याद्याची एकही फुकट चाल (स्थिती न बिघडवता नुसती वाट बघण्याची) शिल्लक नसेल, तर राजाला त्रिकोणात फिरवून तीन चालींत पुन्हा त्याच घरात आणायचं. समोरच्या राजाला तसं फिरता आलं नाही, तर पट तोच राहतो आणि चाल त्याच्यावर येते. हेच ट्रायँग्युलेशन.

फार्नी-अलापिन या नावाने ओळखली जाणारी स्थिती पटावर मांडाच. पांढरा: राजा डी५, प्यादी ए५, सी६. काळा: राजा सी८, प्यादं ए६. चाल पांढऱ्याची.

घाईने राजा डी६ खेळलात तर काळा राजा डी८. मग सी७ शह, राजा सी८, आणि राजा सी६ केलं की स्टेलमेट: काळ्याला शह नाही, पण चालही नाही, म्हणून डाव बरोबरीत. पहिलीच चाल राजा सी५ खेळलात तर काळा सी७ वर येऊन बी६ ची वाट अडवतो.

बरोबर चाल मागे जाण्याची आहे: १. राजा सी४! काळ्याने राजा डी८ केलं की २. राजा डी४! राजा सी८ ३. राजा डी५, आणि आता चाल काळ्याची. राजा सी७ केलं तर राजा सी५, पुढे राजा बी६ आणि ए६ चं प्यादं पडतं. राजा डी८ केलं तर राजा डी६, राजा सी८, सी७, राजा बी७, राजा डी७ आणि वजीर होतो. पहिल्या चालीला डी८ ऐवजी बी८ केलं तरी उत्तर राजा डी४ च.

हे का जमतं, हे कळणं पाठांतरापेक्षा फार महत्त्वाचं. पांढरा डी५ वर आला की काळा सी८ वर हवा, सी५ वर आला की सी७ वर. सी४ आणि डी४ या दोन्ही घरांतून पांढऱ्याला डी५ आणि सी५ दोन्हीकडे जाता येतं, म्हणून तेव्हा काळ्याला सी७ आणि सी८ दोन्हींना लागून असलेलं घर लागतं. बी७ आणि डी७ वर सी६ च्या प्याद्याचा मारा आहे. उरतात बी८ आणि डी८, आणि ती एकमेकांना लागून नाहीत. पांढरा सी४ वरून डी४ वर सरकतो, काळ्याला मात्र तसं सरकता येत नाही. डावात त्रिकोण शोधण्याआधी हेच मोजा: वाट बघायला आपल्याकडे लगतची दोन घरं आहेत का, आणि त्याच्याकडे नाहीत ना?

वजीरही अशी चाल घालवू शकतो, म्हणजे पट तोच ठेवून चाल समोरच्यावर आणू शकतो. वजीर विरुद्ध हत्तीच्या फिलिडोर स्थितीत तेच होतं. घोडा कधीच नाही, कारण प्रत्येक उडीला त्याच्या घराचा रंग बदलतो.

याच स्थितीत पांढऱ्याचं प्यादं एच४ वर आणि काळ्याचं एच६ वर असेल, तर एच५ ही एक फुकट चाल दोघांकडेही असते. डी५-सी८ स्थितीत काळ्याने ती खेळली तर त्रिकोण पुन्हा फिरवा. पांढरा डी४ वर आणि काळा डी८ वर असताना खेळली तर फक्त राजा सी४ करा, काळ्याला डी८ सोडावंच लागतं.