एकाच पत्र्याच्या दोन छापा

संग्रहालयातलं तैलचित्र वर्षानुवर्षं एकाच भिंतीवर राहू शकतं, कागदावरच्या चित्राला ते परवडत नाही, उजेडाने ते खराब होत जातं. मी मुद्राचित्रं (छापून काढलेली चित्रं) आणि रेखाटनांच्या विभागाची क्युरेटर आहे. आमचा संग्रह बहुतेक काळ पेट्यांमध्ये, अंधारात असतो. त्यामुळे प्रदर्शनासाठी एखादं चित्र निवडलं की त्याच्या वाट्याचा उजेड आपण खर्च करतोय, हे सतत डोक्यात असतं.

या खेपेला विषय ड्रायपॉइंट या मुद्राचित्रांच्या पद्धतीचा होता. पत्र्यावर रेघ कोरायला यात आम्ल लागत नाही. सुईने थेट तांब्याच्या पत्र्यावर ओरखडायचं. ओरखड्याच्या कडेला तांब्याचा खरखरीत काठ उठतो, त्यात शाई अडकते आणि कागदावर रेघ मखमलीसारखी उतरते. पण दाबयंत्राखाली हा काठ फार लवकर झिजतो. सुरुवातीच्या छापांमधला तो गडदपणा नंतरच्या छापांत उरत नाही, रेघ कोरडी पडते. म्हणून छाप कोणाची आहे याइतकंच ती कधी काढलेली आहे, हेही बघावं लागतं.

मी आधी चित्र उलटं करते. मागच्या बाजूला जुन्या संग्राहकांचे शिक्के, पेन्सिलीतल्या नोंदी, पूर्वी चिकटवलेल्या पट्ट्यांचे डाग असं बरंच काही सापडतं. मग कागद उजेडासमोर धरला की कागद बनवण्याच्या साच्यातल्या तारांच्या रेघा दिसतात, नशीब असेल तर जलचिन्हही. शेवटी कडेने तिरपा प्रकाश टाकून पत्र्याच्या कडेची खूण आणि सुरकुत्या तपासायच्या. हे सगळं झाल्यावरच मी चित्राकडे चित्र म्हणून बघते, आणि ते बघणं मग फार वेगळं होतं.

डच चित्रकार रेम्ब्रांच्या 'तीन क्रूस' या ड्रायपॉइंटवर मात्र मी अडून बसले. पत्र्यात बदल करून पुन्हा छाप काढली की तिला पुढची 'अवस्था' म्हणतात. पत्र्याच्या तिसऱ्या अवस्थेत त्याची सही आणि १६५३ हे साल आहे. काही वर्षांनी त्याने तोच पत्रा घासून, खरवडून पुन्हा ओरखडला. माणसं अंधारात बुडाली, एक घोडेस्वार नव्याने आला. आमच्याकडे चौथी अवस्था आहे. ती एकटी लावली असती तर त्याने काय पुसून टाकलं हे कोणालाच कळलं नसतं, म्हणून तिसरी उसनी मागितली. ती देणाऱ्या संग्रहालयाच्या अटी कडक होत्या: प्रकाश ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त नको, मुदत तीन महिने, आणि त्यांचा माणूस चित्रासोबत येणार. पत्रव्यवहार लांबला, पण या अटींबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती. मीही त्याच घातल्या असत्या.

आमची छाप गव्हाच्या खळीने, जपानी कागदाच्या छोट्या पट्ट्यांवर माउंटला, म्हणजे मागच्या जाड पुठ्ठ्याला, टांगली. पाण्याने सुटणार नाही असं काही कागदाला लावायचंच नाही, हा नियम मी कधीच सैल करत नाही.

दालनात अंधार वाटतो, असं बरेच जण म्हणाले. डोळे सरावायला वेळ मिळावा म्हणून वाटेतल्या खोलीतला उजेडही कमी केला, त्यानंतर लोक दोन्ही छापांसमोर जास्त वेळ थांबू लागले. आता आमची छाप काही वर्षं पेटीत राहील. कोणाला पाहायचीच असेल तर अभ्यासकक्षात आधी वेळ ठरवून यावं, टेबलावर काढून दाखवतो.