तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट

संगणक तापतोय म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो पेस्ट बदलण्याचा, म्हणजे प्रोसेसर आणि त्याला थंड ठेवणारा कूलर यांच्या मधली थर्मल पेस्ट. सल्ला बऱ्याचदा बरोबरच असतो. पण पेस्ट नेमकं काय करते हे माहीत नसेल, तर महागडी ट्यूब आणूनही तापमान जिथल्या तिथेच राहतं. माझं मत सांगतो: ट्यूबवरच्या नावापेक्षा पृष्ठभागाची सफाई आणि कूलरचा सगळीकडून सारखा दाब, या दोन गोष्टींनी जास्त फरक पडतो.

प्रोसेसरवरचं धातूचं झाकण आणि कूलरचा तळ नुसत्या डोळ्यांना सपाट दिसतात. प्रत्यक्षात दोन्हींवर बारीक ओरखडे असतात आणि मधोमध थोडा फुगवटा किंवा खोलगटपणा असतो. एकावर एक ठेवले की ते काही ठिकाणीच टेकतात, उरलेल्या जागेत हवा राहते. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर-केल्विन, हवेची ०.०२६. चांगल्या पेस्टची याच एककात ४ ते १२च्या दरम्यान. म्हणजे तांब्यापुढे पेस्ट अगदीच किरकोळ आहे. तिचं काम फक्त हवेला हुसकावून लावण्याचं. धातू जिथे धातूला टेकतोय तिथे पेस्टची गरजच नसते. म्हणून थर जितका पातळ तितका चांगला.

आकडे घालून बघू. १० चौरस सेंटिमीटरमधून १०० वॅट उष्णता जायची आहे आणि मधला थर ०.०५ मिलिमीटरचा आहे असं धरा. पेस्टची वाहकता ५ असेल, तर त्या थराच्या दोन बाजूंच्या तापमानात १ अंश सेल्सियसचा फरक पडतो. तोच थर ०.२ मिलिमीटरचा झाला की ४ अंश. आणि तिथे पूर्णपणे हवाच असती, तर हिशेब १९० अंशांच्या पुढे जातो. प्रोसेसर त्याच्या कितीतरी आधी स्वतःचा वेग उतरवतो किंवा बंद पडतो. आता याच हिशेबात ८.५ वाहकतेची पेस्ट आणि १२.५ वाहकतेची पेस्ट शेजारी ठेवा: फरक सुमारे ०.२ अंश. खऱ्या प्रोसेसरमध्ये उष्णता झाकणाखालच्या लहानशा चिपमधून एकवटून येते, त्यामुळे तफावत थोडी वाढते, पण डेस्कटॉपवर ती एक-दोन अंशांची गोष्ट आहे. आर्क्टिक एमएक्स-४ किंवा नॉक्टुआ एनटी-एच१ घेतली की बहुतेकांचा प्रश्न मिटतो.

लॅपटॉपचं गणित वेगळं असतं. तिथे झाकण नसतं, कूलर थेट उघड्या चिपवर बसतो. दीडशे चौरस मिलिमीटरच्या चिपमधून ४५ वॅट काढायचे असतील, तर ०.०५ मिलिमीटरच्या चांगल्या थरातही ३ अंश जातात. पेस्ट सुकून तिची वाहकता १वर आली आणि थर ०.१ मिलिमीटरचा असला, तर तब्बल ३० अंश. जुन्या लॅपटॉपमध्ये पेस्ट बदलल्यावर एकदम १५-२० अंशांचा दिलासा मिळतो तो याचमुळे, आणि डेस्कटॉपवर तसा चमत्कार सहसा का दिसत नाही तेही याच गणितात आहे.

पेटी उघडण्याआधी दोष पेस्टचाच आहे का ते तपासा. हा भाग लोक सर्रास वगळतात. तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो सॉफ्टवेअर चालू ठेवा, शेजारी सिनेबेंचसारखी प्रोसेसरचे सगळे कोर (काम करणारे भाग) राबवणारी चाचणी लावा, आणि तापमान किती चढतं यापेक्षा कसं चढतं याकडे लक्ष द्या. चाचणी सुरू होताच एक-दोन सेकंदांत आकडा ४५वरून ९५वर उडी मारत असेल, चाचणी थांबताच तितक्याच झटक्यात खाली येत असेल आणि कूलरच्या पात्या हाताला कोमटच लागत असतील, तर उष्णता कूलरपर्यंत पोचतच नाहीये. दोष पेस्टचा किंवा दाबाचा. उलट तापमान पाच-दहा मिनिटं हळूहळू चढत जाऊन पात्याही चांगल्या गरम झाल्या असतील, तर पेस्ट तिचं काम करतेय. धूळ, मंदावलेला पंखा किंवा पेटीत कोंडलेली हवा हे कारण आहे. तिथे पेस्ट बदलणं म्हणजे वेळ वाया घालवणं. एकच कोर इतरांपेक्षा १५-२० अंशांनी गरम दिसत असेल, तर कूलर तिरका बसल्याचा संशय घ्या.

तापमानाशेजारचा वॅटचा आकडाही टिपून ठेवा. एएमडी कंपनीच्या रायझन ७००० मालिकेतले वरच्या श्रेणीतले प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवलेले आहेत. तिथे पेस्ट सुधारली तरी तापमान ९५च राहील आणि वॅट व वेग वाढतील. केवळ अंश पाहणाऱ्याला वाटेल की काहीच झालं नाही. खोलीचं तापमानही लिहा. कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही, फक्त त्याच्या वर किती अंश राहायचं ते ठरवतो. जानेवारीत २२ अंशांच्या खोलीत ७२ दाखवणारं यंत्र मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे ४० अंशांच्या खोलीत ९०च्या आसपास जाणारच, आणि त्यात पेस्टचा काही दोष नाही.

आता प्रत्यक्ष काम. एएमडीचं एएम४ सॉकेट (प्रोसेसर बसवायची मदरबोर्डवरची जागा) असेल तर कूलर काढताना सर्वांत जास्त सांभाळा. या प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात आणि सॉकेट त्याला फक्त बाजूने धरतं. सोबत मिळणाऱ्या कूलरची पेस्ट सुकली की गोंदासारखी चिकटते. थंड कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर पिनांसकट उपटून येतो, कधी पिना वाकतात, कधी तुटतात. म्हणून आधी १० मिनिटं संगणकावर भार टाका, म्हणजे पेस्ट मऊ होते. मग बंद करा, वायर काढा, स्क्रू सोडवा आणि कूलर न उचलता डावी-उजवीकडे हलकेच फिरवा. चिकटलेला थर सुटल्याचं हाताला कळतं, तेव्हाच उचला. तरीही प्रोसेसर कूलरला चिकटून आलाच तर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. हेअर ड्रायरने कूलरचा तळ गरम करा, फटीतून दात साफ करायचा धागा ओढत न्या आणि प्रोसेसर कडांना धरून सरकवा. थोडी वाकलेली पिन शिस नसलेल्या पॉइंट पेन्सिलच्या नळीने हळूहळू सरळ करता येते.

इंटेलच्या आणि एएमडीच्याच नव्या एएम५च्या सॉकेटमध्ये पिना मदरबोर्डवर असतात आणि प्रोसेसर लोखंडी चौकटीखाली दाबलेला असतो, त्यामुळे ही भीती नाही. पण सफाईसाठी प्रोसेसर बाहेर काढू नका. सॉकेटमधल्या पिना केसासारख्या असतात आणि कापडाचा एक धागा अडकला तरी बोर्ड जाऊ शकतो. प्रोसेसर जागेवरच ठेवून पुसा.

पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, शक्यतो ९९ टक्क्यांचं. ७० टक्क्यांचं चालतं, पण त्यात बाकीचं पाणी असतं, म्हणून पूर्ण वाळेपर्यंत थांबावं लागतं. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाच्या दुकानांत त्याची बाटली मिळते. नेलपॉलिश रिमूव्हर, डिझेल, भांडी घासायचा साबण यांपैकी काहीही नको. आधी कोरड्या टिश्यूने जाड पेस्ट निपटून काढा, मग कॉफी फिल्टर किंवा चष्म्याच्या कापडावर अल्कोहोल घेऊन पुसा. प्रोसेसरवर थेट ओतू नका. कापड स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहा आणि कूलरचा तळही तितक्याच निगुतीने साफ करा. त्यानंतर दोन्हीकडे बोट लावायचं नाही. बोटाचं तेलही एक थरच असतो.

किती लावायची? "वाटाण्याएवढी" असं सगळीकडे लिहिलेलं असतं. हिरवा वाटाणा ८ मिलिमीटरचा धरला तर त्यात जवळजवळ २७० घन मिलिमीटर पेस्ट मावते. आपल्याला सुमारे १४ चौरस सेंटिमीटरवर ०.०५ मिलिमीटरचा थर हवा, म्हणजे ७० घन मिलिमीटर. हे ५ मिलिमीटर व्यासाच्या गोळीइतकं, अख्ख्या तुरीच्या दाण्याएवढं होतं. एएम४साठी झाकणाच्या मधोमध एवढा एक थेंब पुरतो. इंटेलच्या एलजीए १७०० प्रोसेसरचं झाकण लांबट असतं, तिथे लांबीच्या दिशेने एक रेघ किंवा मध्ये एक आणि दोन टोकांकडे लहान थेंब टाका. एएम५च्या झाकणाला कडेने खाचा असतात आणि त्यांत बारीक कपॅसिटर दिसतात. हल्लीच्या बहुतेक पेस्ट विद्युतवाहक नसतात, त्यामुळे खाचेत थोडी गेली तरी शॉर्ट होत नाही. फक्त पुढच्या वेळी ती साफ करताना जीव मेटाकुटीला येतो. थ्रेडरिपरसारख्या मोठ्या प्रोसेसरवर मात्र पूर्ण झाकणभर पसरवावी लागते.

फुली की थेंब की रेघ, यावर लोक तावातावाने भांडतात. माझ्या मते पेस्ट पुरेशी असली की आकाराने फारसं काही बिघडत नाही, कूलरचा दाब ती पसरवतोच. कमी पडली तर मात्र कोपरे कोरडे राहतात आणि ते जास्त झाल्यापेक्षा वाईट. जादा पेस्ट निदान कडेने बाहेर तरी येते. उघड्या चिपवर थेंबावर विसंबू नका, तिथे प्लास्टिकच्या पट्टीने संपूर्ण चिप झाकली जाईल असा पातळ हात फिरवा.

नव्या कूलरच्या तळावर पारदर्शक फिल्म असते, ती काढली का ते बघा. हे विसरण्याचं प्रमाण थक्क करणारं आहे. मग कूलर सरळ वरून खाली ठेवा, टेकल्यावर पुन्हा उचलू नका. उचलला की थरात हवेचे बुडबुडे शिरतात आणि मग पुसून नव्यानेच लावावं लागतं. चारही स्क्रू आधी दोन-तीन आटे पकडेपर्यंतच फिरवा. पुढे समोरासमोरच्या कोपऱ्यांची जोडी घेऊन प्रत्येकी अर्धा-अर्धा वेढा. एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर पेस्ट एका बाजूला सरकते आणि थर पाचरीसारखा होतो. स्प्रिंगचे स्क्रू एका ठिकाणी आपोआप थांबतात, तिथे जोर लावू नका. इंटेलच्या सोबत येणाऱ्या कूलरला प्लास्टिकच्या चार खुंट्या असतात. त्याही समोरासमोरच्या जोडीने दाबा आणि चारही वेळा "टक" आवाज यायला हवा. शक्य असेल तर बोर्ड उलटून चारही टोकं मागून पूर्ण बाहेर आली आहेत ना ते पाहा. एक अर्धवट बसलेली खुंटी हे अशा यंत्रांच्या तापण्याचं फार नेहमीचं कारण आहे.

लॅपटॉपमध्ये सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. हीटसिंकच्या (चिपवर बसणाऱ्या, उष्णता वाहून नेणाऱ्या धातूच्या भागाच्या) स्क्रूंजवळ बहुतेकदा १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. आवळताना त्या क्रमाने, सोडवताना उलट. शेजारच्या मेमरी चिपांवरचे मऊ पॅड फाटले तर त्याच जाडीचेच घ्या. ०.५ मिलिमीटरच्या जागी १ मिलिमीटरचा पॅड बसवला की हीटसिंक चिपवरून उचलला जातो, आणि पेस्ट कितीही उत्तम असो, तापमान आधीपेक्षा वाढतं. लॅपटॉपमध्ये आणखी एक त्रास आहे. तापणं-थंड होणं या चक्रात चिप किंचित वाकते-सरळ होते आणि पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. सुरुवातीला उत्तम वाटणारी पेस्ट काही महिन्यांत ढेपाळते ती यामुळे. तिथे घट्ट पेस्ट घ्या किंवा हनीवेलचा पीटीएम७९५० हा पातळ पॅड. तो साधारण ४५ अंशांना मऊ होऊन फटी भरतो आणि जागा सोडत नाही. कापण्याआधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवला की त्याची फिल्म सहज सुटते. बसवल्यावर दोन-चारदा चांगला तापून थंड होईपर्यंत खरे आकडे दिसत नाहीत.

द्रव धातूची पेस्ट मी नवख्या माणसाला कधीच सुचवणार नाही. त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम पोखरून ठिसूळ करतं, आणि तो द्रव विद्युतवाहक असल्याने एक थेंब सांडला तरी बोर्ड जाऊ शकतो. प्लेस्टेशन ५ आणि काही गेमिंग लॅपटॉपमध्ये तो कारखान्यातूनच लावलेला असतो. तेव्हा उघडण्याआधी आपल्या मॉडेलमध्ये काय आहे ते शोधून घ्या. डबीतून सुटी मिळणारी पांढरी सिलिकॉन पेस्ट ट्रान्झिस्टरसाठी ठीक आहे, तिची वाहकता १च्या आसपास असते. प्रोसेसरवर ती नको. टूथपेस्टचा प्रयोगही करू नका, तिच्यातलं पाणी उडून गेलं की उरतो तो नुसता चुरा. बाजारात एमएक्स-४ची नक्कलही फिरते. आर्क्टिकच्या संकेतस्थळावर पाकिटावरचा कोड तपासता येतो, तो तपासाच.

काम झाल्यावर पहिल्यासारखीच चाचणी, तितकाच वेळ, तितक्याच तापमानाच्या खोलीत घ्या आणि आधीच्या आकड्यांशी ताडून पाहा. पहिली उडी छोटी झाली असेल आणि कोरांमधलं अंतर १० अंशांच्या आत आलं असेल, तर बसवणी नीट झाली. तसं नसेल तर कूलर काढून पेस्टचा ठसा बघा: मधोमध पातळ आणि कडेला किंचित जाड हा चांगला ठसा. एका बाजूला जाड असेल तर दाब तिरका पडलाय, आणि कोपरा कोरडा असेल तर पेस्ट कमी पडलीय. ठसा पाहून झाला की दोन्ही बाजू परत अल्कोहोलने पुसून नवीन पेस्ट लावायची, जुनीवर थर चढवायचा नाही.

४ ग्रॅमची ट्यूब एवढ्या मापाने पंधरा-वीस वेळा पुरते. टोपी घट्ट लावून सावलीत ठेवा. बऱ्याच दिवसांनी उघडल्यावर तोंडाशी तेल सुटलेलं दिसलं तर पहिले एक-दोन थेंब कागदावर काढून टाका आणि पेस्ट एकजीव आली की मगच प्रोसेसरवर लावा.