तीन बुरुजांचा मुकुट

रहिवासी दाखला काढायला मी पहिल्यांदा इथल्या पंचायतीच्या कचेरीत गेले, तेव्हा साक्षीला शेजारच्या आजी आणि त्यांचे भाऊ आले होते. पोर्तुगालमध्ये कारभाराचा सगळ्यात लहान घटक म्हणजे फ्रेगेझिया, आणि तिचा कारभार बघते ती 'झुंता'. तुम्ही गावात राहता हे सांगायला तिथले दोन मतदार लागतात. दाखल्यावर गोल शिक्का बसला. त्यात एक चाक आणि दोन काटेरी गोळे होते.

चाक बघून मला गोवा आठवला. पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवा घेतला, तो दिवस सांता कातारिना या संत स्त्रीचा; चाक ही तिची खूण. म्हणून तिचं चाक गोव्याच्या पोर्तुगीज चिन्हात आलं, आणि जुन्या गोव्याचं से कॅथेड्रलही तिच्याच नावाचं आहे. मी तसं म्हटल्यावर आजींनी नकारार्थी मान हलवली. "तिच्या चाकाला सुळे असतात. ही आमची पाणचक्की. आणि हे चेस्टनट." काटेरी गोळे म्हणजे उकललेली बोंडं होती. ओढ्यावरच्या त्या चक्कीत त्यांचे वडील राय नावाच्या धान्याचं पीठ दळून आणायचे.

बाहेर कचेरीच्या गच्चीवर तेच चित्र झेंड्यावर होतं, रंगांसकट. हिरवी ढाल, मधे चांदीचं चाक, दोन्ही बाजूंना सोन्याची बोंडं, तळाशी ओढ्याच्या निळ्या-पांढऱ्या लाटा. इथल्या ढालींच्या भाषेत पिवळ्याला सोनं आणि पांढऱ्याला चांदी म्हणतात. धातूवर धातू ठेवायचा नाही आणि रंगावर रंग ठेवायचा नाही, हा जुना नियम. कारण अगदी साधं आहे: लांबून ओळखू आलं पाहिजे.

ढालीवर मुकुट असतो, आणि मला सगळ्यात आवडतो तो हाच. रेवदंड्याच्या किल्ल्याच्या दरवाजावर पोर्तुगीज राजचिन्ह कोरलेलं आहे. तिथला मुकुट राजाचा. इथे गावाच्या डोक्यावर तटबंदीचा मुकुट असतो. खेड्याला तीन बुरूज, 'विला' म्हणजे मोठ्या गावाला चार, शहराला पाच, सगळे चांदीचे. लिस्बनचे पाच मात्र सोन्याचे. गावाचा दर्जा वाढला की बुरूज वाढतो. त्यामुळे नुसता मुकुट पाहिला तरी आपण कुठे उभे आहोत ते कळतं.

हे सगळं मध्ययुगातलं असेल असं मला वाटलं होतं. पण बहुतेक खेड्यांची ढाल माझ्याहून वयाने लहान आहे. नगरांच्या चिन्हांसाठी १९३० मध्ये नियम झाले होते. फ्रेगेझियांना व्यवस्थित वाट मिळाली ती १९९१ च्या ५३ क्रमांकाच्या कायद्याने. पद्धत अशी: झुंता प्रस्ताव करते, तो पोर्तुगीज पुरातत्त्वज्ञांच्या असोसिएशनच्या समितीकडे जातो, समितीचा अभिप्राय आला की गावची सभा ठराव करते आणि मग ते राजपत्रात छापून येतं. ही असोसिएशन १८६३ ची. लिस्बनमध्ये १७५५ च्या भूकंपात छप्पर गेलेल्या कार्मू मठात ती आहे. म्हणजे दोन-तीनशे उंबऱ्यांच्या गावालासुद्धा एकदा बसून ठरवावं लागलं की आपण कोण. द्राक्षं घ्यायची की ऑलिव्ह? पूल घ्यायचा की संत? संत निवडलेली गावं आता मी गाडीतून जाताना ओळखते. लोखंडी जाळी म्हणजे साओ लोरेंसु, त्याला तिच्यावर भाजलं होतं. शिंपला सांतियागोचा, किल्ल्या पेद्रूच्या, बाण सेबास्तियाउँचे.

मग २०१३ आलं. सरकारने खर्च कमी करायला फ्रेगेझिया एकत्र केल्या. ४२६० च्या ३०९२ झाल्या. आमचं गाव शेजारच्या गावाला जोडलं गेलं आणि पाटीवर दोन नावं 'आणि' घालून आली. आजी अजून त्याबद्दल चिडून बोलतात, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. कचेरी आठवड्यातून दोन दिवस उघडायची, हा एक भाग. पण ऑगस्टच्या जत्रेत, फ्रान्स आणि लक्झेंबर्गमधून सगळी पोरंबाळं घरी येतात तेव्हा (आपल्याकडे गणपतीला चाकरमानी येतात, अगदी तशी), मिरवणुकीत झेंडा कोणाचा धरायचा? लोकांनी जुनाच धरला. दरवर्षी.

२०२५ च्या कायद्याने तीनशेच्या वर फ्रेगेझिया पुन्हा वेगळ्या झाल्या. त्यात आमचीही आहे. ऑक्टोबरच्या निवडणुकीनंतर नवा झेंडा शिवून आला, कारण जुना उन्हाने फिका पडला होता. हिरवा रंग ताजा, चांदी-हिरव्या दोरीचे गोंडे. कचेरीत दोन्ही झेंडे टेबलावर शेजारी पसरले होते, तेव्हा दिसलं की जुन्या चाकाला सहा आरे आहेत आणि नव्याला आठ.

मला वाटलं, चूक झाली. तिथल्या बाईंनी राजपत्राची प्रत काढून दाखवली. राजपत्रात चित्र बंधनकारक नसतं, शब्द असतात: 'चांदीचं पाणचक्कीचं चाक'. आरे किती ते लिहिलेलं नाही, म्हणजे दोन्ही बरोबर.

आजी दोन्ही चाकांवरून बोट फिरवत होत्या. म्हणाल्या, "खऱ्याला बारा होते."