जॉयस्टिक विद्यार्थी, ट्रान्समीटर मास्तर

पावसाळ्याचे चार महिने ठाण्या-नवी मुंबईत फोमचं, रिमोटवर उडणारं विमान बाहेर काढायची सोय नसते. तेव्हा घरी सिम्युलेटर चालतो, आणि अनेकांकडे त्यासाठी टेबलावरची जॉयस्टिक असते. ऑक्टोबर उजाडला की प्रश्न येतोच: हीच जॉयस्टिक वापरून ते विमान प्रत्यक्ष उडवता येईल का? येतं. पण बहुतेक जण जी जोडणी आधी करून बघतात, म्हणजे जॉयस्टिक लॅपटॉपला आणि लॅपटॉप रेडिओला, ती मैदानावर नको. जॉयस्टिकचा सिग्नल नेहमीच्या ट्रान्समीटरच्या (हातातल्या रेडिओ रिमोटच्या) ट्रेनर पोर्टमधून, म्हणजे शिकणाऱ्याचं उपकरण जोडायच्या खाचेतून जावा, आणि तो ट्रान्समीटर उडवता येणाऱ्या दुसऱ्या माणसाच्या, म्हणजे मास्तरच्या, हातात असावा. वायर तुटली, प्रोग्रॅम अडकला, हात चुकला, तरी मास्तरने ताबा देणारा स्विच सोडला की विमान त्याच्या अंगठ्याखाली परत आलं पाहिजे. पुढचं सगळं या एका अटीभोवती आहे.

ट्रेनर पोर्टला पीपीएम सिग्नल कळतो. एका तारेवर, एकामागोमाग एक, सगळ्या चॅनलची, म्हणजे विमानाच्या एकेका नियंत्रणाची, मूल्यं जातात. दोन ठोक्यांमधलं अंतर म्हणजे त्या चॅनलचं मूल्य: मध्य १५०० मायक्रोसेकंद, टोकं साधारण १००० आणि २०००. ठोका स्वतः ३०० मायक्रोसेकंदांचा. आठ चॅनल झाले की लांब विराम, आणि २२.५ मिलिसेकंदांनी पुन्हा पहिल्यापासून. आठही चॅनल टोकाला असले तरी १६ मिलिसेकंद जातात, म्हणजे विरामाला साडेसहा उरतात. हा विराम पाहूनच ट्रान्समीटर पहिला चॅनल कुठला ते ओळखतो. जॉयस्टिकला चारच चॅनल लागतात म्हणून चारच पाठवायचा मोह टाळा. विराम फार लांबतो आणि काही ट्रान्समीटर तो स्वीकारत नाहीत. उरलेल्या चार चॅनलवर सरळ १५०० पाठवत राहा. ठोका उलटा आहे की सुलटा याची मात्र चिंता नको. अंतर एकाच जातीच्या दोन कडांमध्ये मोजलं जातं, त्यामुळे ते दोन्हीकडे सारखंच येतं.

जॉयस्टिक आणि पीपीएम यांच्यामधला दुभाषी म्हणजे आर्डुइनो उनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड आणि त्यावर बसणारं, यूएसबी उपकरण जोडू देणारं यूएसबी होस्ट शील्ड, ज्यावर मॅक्स३४२१ई ही चिप असते. लॅपटॉप लागत नाही. दोन्ही बोर्ड ऑनलाइन मिळतात. प्रत्यक्ष बघून घ्यायचे असतील तर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठावा. ३.५ मिमीचे जॅक, रेझिस्टर, वायर हे सटरफटर तिथेच एका फेरीत होतं. जॉयस्टिक म्हणून लॉजिटेक एक्स्ट्रीम ३डी प्रो सोयीची पडते, कारण होस्ट शील्डच्या लायब्ररीत तिच्यासाठी तयार उदाहरण आहे. थ्रस्टमास्टर टी१६०००एमची दांडी जास्त अचूक आहे. तिच्यात चुंबकावर चालणारे हॉल सेन्सर आहेत, १४ बिटांचे. पण तिची माहिती वेगळ्या मांडणीत येते, ती आपल्याला उलगडावी लागते. पहिल्या बांधणीला लॉजिटेकच घ्या.

इथे पहिला खड्डा आहे. आर्डुइनोवर पीपीएम तयार करायची नेहमीची रीत म्हणजे चिपमधल्या टाइमर१ या घड्याळाचा थेट आउटपुट, आणि तो ९ किंवा १० नंबरच्या पिनवर येतो. होस्ट शील्ड नेमक्या याच दोन पिना वापरतं, शिवाय ११, १२, १३ संवादासाठी घेतं. जुना पीपीएम प्रोग्रॅम तसाच टाकला तर जॉयस्टिक सापडत नाही, आणि माणूस केबल बदलत बसतो. उपाय असा: टाइमर१ फक्त वेळ मोजायला ठेवा (८ने भागलेलं घड्याळ, म्हणजे एक टिक अर्धा मायक्रोसेकंद), त्याच्या इंटरप्टमध्ये (ठरल्या क्षणी आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या तुकड्यात) ३ नंबरची पिन वर-खाली करा, आणि तीही पोर्टवर थेट लिहून. नेहमीचा डिजिटल-राइट वेळखाऊ आहे. या रीतीत दुसऱ्या इंटरप्टमुळे काही मायक्रोसेकंदांची थरथर राहते. पाच मायक्रोसेकंद म्हणजे पूर्ण हालचालीच्या अर्धा टक्का. सर्व्हो (विमानाचे पृष्ठभाग हलवणारी छोटी मोटर) जमिनीवर किंचित गुणगुणतो, हवेत काही जाणवत नाही.

आकड्यांचं रूपांतर मात्र सुंदर जुळतं. लॉजिटेकचे आडवा आणि उभा हे दोन अक्ष १० बिटांचे, म्हणजे ० ते १०२३. त्यात ९८८ मिळवले की ९८८ ते २०११ मायक्रोसेकंद, आणि ५१२ या मध्याला बरोबर १५००. एजटीएक्स ही प्रणाली वापरणाऱ्या ट्रान्समीटरमध्ये उणे १०० ते अधिक १०० टक्के म्हणजे ९८८ ते २०१२च. गुणाकार-भागाकार लागतच नाही. मनगट पिळून फिरणारा अक्ष ८ बिटांचा आहे. त्याला ४ने गुणून ९८८ मिळवा, १२८ला पुन्हा १५०० येतात. कुणी सरळ हजारने गुणून १०२४ने भागायला गेलं तर उनोचा साधा पूर्णांक ३२७६७च्या पुढे उलटतो आणि एलेरॉन (पंखावरचा, विमान कलवणारा पृष्ठभाग) अचानक विरुद्ध टोकाला उडी मारतो. तसंच करायचं असेल तर लाँग हा मोठा पूर्णांक वापरा.

मध्याभोवती मृत पट्टा (जिथली हालचाल मोजायची नाही) हवा, कारण स्प्रिंग दांडीला प्रत्येक वेळी तंतोतंत त्याच जागी आणत नाही. दांडीच्या अक्षांना दोन्ही बाजूंना ८ आकडे, पिळाच्या अक्षाला ३ पुरतात. मात्र पट्ट्याबाहेर पडल्यावर मूल्य शून्यापासून सुरू झालं पाहिजे, म्हणजे पट्ट्याची रुंदी वजा करून. नाहीतर मध्यातून बाहेर येताना विमान टचकन हलतं.

उनोची पिन ५ व्होल्टची आणि ट्रान्समीटरच्या आतला कंट्रोलर ३.३चा. पिनपासून जॅकच्या टोकापर्यंत १ किलोओहम आणि टोकापासून ग्राउंडला २ किलोओहम लावा, ३.३ व्होल्ट मिळतात. रेडिओमास्टर टीएक्स१६एस किंवा टॅरानिस एक्स९डी यांना ३.५ मिमीचा मोनो जॅक लागतो: टोक सिग्नल, मागची नळी ग्राउंड. फ्लायस्काय एफएस-आय६ला गोल चार पिनांचा पोर्ट असतो. त्याची पिनजोडणी मॅन्युअलमध्ये बघून, मल्टिमीटरने खात्री करूनच डाग द्या.

वीजपुरवठ्यावर बरीच बांधकामं अडतात. थ्री-एस, म्हणजे तीन सेलची, लायपो बॅटरी थेट उनोच्या गोल सॉकेटला दिली तर पूर्ण चार्जला १२.६ व्होल्ट येतात, आणि वरचे साडेसात व्होल्ट रेग्युलेटर उष्णतेत घालवतो. उन्हात तो तापून बंद पडू शकतो. पॉवर बँक सोयीची वाटते, पण सगळं मिळून करंट इतका कमी असतो की काही पॉवर बँका ‘फोन चार्ज झाला’ असं समजून स्वतःहून बंद होतात, तेही उड्डाणाच्या मध्यात. टू-एस किंवा थ्री-एस बॅटरीवर ५ व्होल्टचा, ३ अँपिअरचा यूबेक (व्होल्टेज उतरवणारा छोटा बोर्ड) हा खात्रीचा मार्ग. सुरू करताना सिरियल मॉनिटरवर ‘ऑसिलेटर सुरू झाला नाही’ अशा अर्थाचा संदेश आला तर आधी वीज तपासा, मग शील्ड पिनांवर नीट बसलं आहे का ते.

आता सगळ्यात धोकादायक दोष. उड्डाणात जॉयस्टिकची यूएसबी निसटली तर प्रोग्रॅमला नवी माहिती येत नाही, पण टाइमर शेवटचं मूल्य इमानाने पाठवतच राहतो. त्या क्षणी एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा पृष्ठभाग) ओढलेला असेल तर ओढलेलाच राहतो. ट्रान्समीटरला सिग्नल धडधाकट दिसतो, त्यामुळे तोही काही बोलत नाही. ‘शेवटची माहिती येऊन किती वेळ झाला’ एवढंच मोजणं पुरेसं नाही, कारण दांडी स्थिर धरली की जॉयस्टिक नवीन अहवाल पाठवेलच असं नाही. लायब्ररीची यूएसबी अवस्था प्रत्येक फेरीत विचारा. ती ‘रनिंग’ नसेल तर पीपीएम पूर्ण थांबवा. मध्य पाठवू नका, थांबवाच. सिग्नल गेला की एजटीएक्स तसं बोलून सांगतो आणि ताबा मास्तरच्या दांड्यांकडे जातो. मुख्य फेरीच अडकली तर त्यासाठी चिपमधला वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला की चिप रीसेट करणारा पहारेकरी) चालू ठेवा. उनोच्या बूटलोडरला (बोर्ड सुरू होताना आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला) तो चालतो. जुन्या बूटलोडरच्या आर्डुइनो नॅनो बोर्डावर मात्र तो बोर्डाला रीसेटच्या चक्रात अडकवतो.

ट्रान्समीटरमध्ये मॉडेल सेटअपमध्ये ट्रेनर ‘मास्टर, जॅक’ असा ठेवा. सिस्टिमच्या ट्रेनर पानावर एलेरॉन, एलिव्हेटर आणि रडर (नाक डावं-उजवं वळवणारा शेपटीचा पृष्ठभाग) ‘बदली’ पद्धतीवर, म्हणजे कोलन-बरोबर असं चिन्ह असलेली. थ्रॉटल बंद. थ्रॉटल नेहमी मास्तरकडेच. जॉयस्टिकचा स्लायडर कितीही आकर्षक वाटला तरी नाही: ताबा बदलताना दोन थ्रॉटल दोन जागी असतील तर मोटर अचानक थांबते किंवा अचानक सुटते. जॉयस्टिक मागे ओढली की तिचा आकडा वाढतो, ट्रान्समीटरची दांडी मागे ओढली की कमी होतो, म्हणून एलिव्हेटरचं वजन उणे १०० द्यावं लागतं. हे विसरलं तर ताबा घेताक्षणी ‘वर’ म्हणजे ‘खाली’. शेवटी स्पेशल फंक्शनमध्ये स्प्रिंगचा स्विच, या ट्रान्समीटरांवर एसएच, ट्रेनरला लावा. धरून ठेवला तर जॉयस्टिक, सोडला की मास्तर. जागेवर राहणारा स्विच लावू नका. घाबरलेला माणूस बोट सोडतो, स्विच शोधत नाही.

मनगटाचा पिळ हा जॉयस्टिकचा खास त्रास आहे. हात उजवीकडे झुकवला की नकळत थोडा पिळतोही, आणि विमान शेपूट हलवत चालतं. रडरचं वजन ५० टक्क्यांवर आणा. एलेरॉन-एलिव्हेटरला ३० टक्क्यांच्या आसपास एक्स्पो (दांडीची मध्याजवळची हालचाल सौम्य करणारी सोय) द्या, आणि तो मास्तरच्या ट्रान्समीटरमध्येच, म्हणजे ताबा बदलला तरी विमानाचा स्वभाव बदलत नाही. जॉयस्टिकचा तळ टेबलासाठी बनलेला असतो. गवतावर तो डुलतो, मांडीवर घसरतो. १२ मिमी प्लायवूडचा ३० बाय ४० सेंटिमीटरचा तुकडा, त्यावर जॉयस्टिक पट्ट्याने आवळलेली आणि खुर्चीवर बसून मांडीवर घेतलेली, एवढं केलं की अर्ध्या तक्रारी मिटतात.

या साखळीत थोडी दिरंगाई येतेच: जॉयस्टिक विचारायला ८ ते १० मिलिसेकंद, पीपीएमची एक चौकट २२.५, सर्व्होची २०, शिवाय रेडिओ दुवा. एकूण ६० धरले तरी सेकंदाला १२ मीटर जाणारं ट्रेनर विमान तेवढ्यात पाऊण मीटरही सरकत नाही. उंच पंखाच्या, हळू उडणाऱ्या विमानाला चालतं. थ्रीडी कसरतींना नाही.

लॅपटॉपचा मार्ग आर्डुपायलट हा स्वयंचालक प्रोग्रॅम असलेल्या विमानांसाठी आहे. लॅपटॉपवरचा मिशन प्लॅनर हा प्रोग्रॅम जॉयस्टिक वाचतो आणि टेलिमेट्रीच्या रेडिओ दुव्यावरून चॅनल बदलतो. पण तिथे दुवा तुटल्यावर आर्डुपायलट शेवटचा आदेश किती वेळ मानतो हे ‘आरसी ओव्हरराइड टाइम’ या पॅरामीटरवर ठरतं, आणि त्याचं मूळ मूल्य ३ सेकंद आहे. १२ मीटरच्या वेगाने ते ३६ मीटर झाले. ते कमी करा. शिवाय बाजारातले ९१५ मेगाहर्ट्झचे टेलिमेट्री संच आपल्याकडच्या परवानामुक्त पट्ट्यात बसत नाहीत, तो पट्टा ८६५ ते ८६८ आहे.

जागेचा प्रश्न आता पूर्वीपेक्षा अवघड आहे. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवा, म्हणजे आधी परवानगी न लागणारा, झोन २०० फुटांपर्यंतच असतो, आणि ८ किलोमीटरच्या आत हिरवा झोन नाही. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५पासून विमानं उडू लागली, त्यामुळे उलवे, पनवेल, खारघर, बेलापूर, नेरूळ हे सगळं यातून बाद झालं. ठाण्यात येऊर राष्ट्रीय उद्यानात येतं, कोलशेतला हवाई दलाचं ठाणं आहे, आणि खाडीचा किनारा फ्लेमिंगो अभयारण्याचा. पोलीस आयुक्तालयांचे मनाई आदेशही वेळोवेळी निघतात. त्या दिवशीचा आदेश आणि सरकारी हवाई नकाशा दोन्ही बघूनच निघा. बदलापूर-मुरबाडच्या बाजूला भातकापणीनंतर खाचरं मोकळी होतात. मालकाला विचारून तिथे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सकाळी साडेसहा ते आठ ही उत्तम वेळ. दुपारनंतर समुद्राकडचा वारा सुटतो आणि नवशिक्याच्या हातात विमान राहत नाही. भाताची धसकटं फोमचं पोट फाडतात, म्हणून पोटाला रुंद सेलोटेप लावा आणि उतरायची पट्टी बांधांपासून लांब निवडा.

उडवण्याआधी प्रॉपेलर काढून चार गोष्टी करा. जॉयस्टिक पूर्ण एका बाजूला धरून स्विच सोडा: पृष्ठभाग त्याच क्षणी मध्यावर आले पाहिजेत. तसंच धरून यूएसबी ओढा, मग पुन्हा जोडून पीपीएमचा जॅक ओढा, मग यूबेकची वीज तोडा. तिन्ही वेळा स्विच दाबलेलाच ठेवा, आणि तिन्ही वेळा ट्रान्समीटर बोलला पाहिजे, मास्तरच्या दांड्या चालल्या पाहिजेत. एकातही अडखळलं तर त्या दिवशी जॉयस्टिक पिशवीत. नंतर ट्रान्समीटरच्या रेंज-चेक मोडमध्ये ३० मीटर चालत जाऊन जॉयस्टिकचाच ताबा तपासा.

उड्डाण मास्तर करतो. विमान झाडांच्या बरंच वर नेतो, ट्रिम करतो (दांडी न हलवता सरळ उडेल असं जुळवतो), थ्रॉटल अर्ध्यावर आणतो, आणि ‘घे’ म्हणून स्विच दाबतो. पहिली काही मिनिटं सरळ रेषा आणि रुंद डावी वळणं. विमान विद्यार्थ्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं, आणि सिम्युलेटरवर शंभर वेळा केलेलं वळणही तिथेच चुकतं. मास्तरने बोट स्विचवर सैल ठेवावं आणि विमान ४५ अंशांपेक्षा जास्त कललं की सोडावं. विद्यार्थ्याने जॉयस्टिक मध्यावर आणली की मगच पुन्हा ‘घे’. उतरवणं पहिल्या काही उड्डाणांत मास्तरकडेच ठेवा: जमिनीपासून तीन मीटरवर ताबा परत घ्यायला उंची उरलेली नसते.