नोंदवहीतील एक शब्द : मुलीच्या शाळेतील वर्णद्वेषाच्या तक्रारीचा माझा अनुभव

आमच्या तक्रारीचा निकाल लागून आता चार महिने झाले, तरी ‘मी लक्ष ठेवते’ हे तीन शब्द आठवले की माझे डोके आजही तापते. इंग्लंडमधील एका लहान गावातल्या सरकारी प्राथमिक शाळेत माझी नऊ वर्षांची लेक इयर फाइव्हमध्ये शिकते आणि तिच्या वर्गात भारतीय म्हणावी अशी ती एकटीच आहे. सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत तिच्या वर्गशिक्षिकेने शाळेच्या फाटकावर मला हे शब्द पाच वेळा ऐकवले आणि पाचही वेळा मी त्यांवर विश्वास ठेवून घरी परतले.

घडत होते ते असे. दुपारच्या सुट्टीत मुले शिवाशिवी खेळत. त्यात कोणीतरी एक नवा नियम काढला होता की माझ्या लेकीने ज्याला शिवले त्याला तिचा रंग लागतो आणि तो घालवण्यासाठी त्याने पटांगणाच्या विटांच्या भिंतीवर हात घासून यायचे. पुढे पुढे तिने कोणाला शिवण्याचीही गरज उरली नाही. रांगेत तिचा धक्का लागला तरी मुले भिंतीकडे धावत. मला हे सगळे एकदम कळले नाही. एका शनिवारी ती न्हाणीघरातून लवकर बाहेर येईना म्हणून मी दार ढकलले, तर ती टबाच्या काठावर बसून, सासूबाईंनी गावाहून पाठवलेल्या वज्रीने डाव्या हाताचे कोपर घासत होती. कातडी लाल झाली होती आणि दोन ठिकाणी रक्ताचे बारीक ठिपके आले होते. मी तिचा हात धरला तेव्हा ती अगदी शांतपणे म्हणाली, “आई, इथे जरा जास्त काळं आहे.”

माझी आजी सातारा जिल्ह्यातील. वरून ओतलेले पाणी ओंजळीने प्यावे लागल्याच्या गोष्टी मी तिच्याच तोंडून ऐकल्या आहेत. साताऱ्याच्याच शाळेत लहानग्या भीमरावांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे, हे ऐकतच आमच्या घरातील प्रत्येक मूल मोठे होते. त्यामुळे सोमवारी मी शिक्षिकेला कोपर दाखवले आणि त्या “मुलांचा खेळ आहे, त्यांना त्याचा अर्थ कळत नाही” असे म्हणाल्या, तेव्हा मला राग येण्याआधी भीती वाटली. स्पर्शाने विटाळ होतो हा खेळ कुठवर जातो, हे आमच्या चार पिढ्यांना ठाऊक आहे.

इथे माझी चूक सांगितली पाहिजे, कारण ती बहुतेक आया करतात. मी सगळे तोंडी बोलत राहिले. फाटकावरच्या बोलण्याला इथे कसलाही आधार राहत नाही. लेस्टरला राहणारी माझी मावसबहीण, जिला मी ताई म्हणते, स्वतः एका शाळेच्या गव्हर्नर मंडळावर, म्हणजे शाळेच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळावर, काही वर्षे होती. तिने फोनवर सगळे ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न विचारला, “तू हे लिहून दिलं आहेस का?” त्या रात्री मी वही काढली आणि आठवेल तेवढे तारखेसह लिहिले : कोणत्या दिवशी, कोणत्या सुट्टीत, कोण काय बोलले, कोणत्या मोठ्या माणसासमोर. मुलीचे शब्द तिने उच्चारले तसेच इंग्रजीत ठेवले, त्यांना माझ्या भाषेत बसवले नाही. तिला खोदून खोदून विचारायचे नाही, हेही ताईने बजावले होते. मूल जेवढे आपणहून सांगेल तेवढेच लिहावे, नाहीतर पुढे तुम्हीच तिच्या तोंडी शब्द घातले असे म्हणायला जागा राहते.

त्या वहीवरून मी शिक्षिकेला मेल लिहिला आणि त्याला त्यांचे उत्तर नऊ शालेय दिवसांनी आले. त्यात हा प्रकार मैत्रिणींमधील कुरबुरीचा असल्याचे म्हटले होते आणि माझ्या मुलीने मन थोडे घट्ट करायला शिकावे अशी सूचना होती. मी ते उत्तर मुख्याध्यापिकांकडे पाठवून भेट मागितली आणि आमचे खरे अडकणे तिथूनच सुरू झाले.

मुख्याध्यापिका सौजन्याने बोलल्या. त्यांनी मुलांना विचारले होते, मुलांनी ‘आमच्या मनात तसे काही नव्हते’ असे सांगितले होते आणि म्हणून त्यांनी ही गोष्ट शाळेच्या नोंदीत ‘मैत्रीतील वाद’ या सदरात घातली होती. मी विचारले की ‘वर्णद्वेषी घटना’ या सदरात का नाही? त्यांचे उत्तर होते की तो फार मोठा शब्द आहे, नऊ वर्षांच्या मुलांच्या नावापुढे तो लावणे अन्यायाचे होईल. मग माझ्या मुलीच्या कोपराचे काय, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी मला शाळेच्या समुपदेशकाचे पत्रक दिले. वीस मिनिटे संपली होती. डिसेंबर उजाडला, नाताळची सुट्टी लागली, आणि त्या एका शब्दावरून आमचा जवळजवळ तीन महिने पत्रव्यवहार चालला.

त्या शब्दासाठी मी एवढी का अडून बसले, असे माझ्या पतीनेही एकदा विचारले. मुलांना शिक्षा व्हावी असे मला कधीच वाटले नाही. पण ज्या गोष्टीला ‘वाद’ म्हटले जाते, तिच्यात दोन बाजू धरल्या जातात, आणि माझ्या मुलीची बाजू एवढीच होती की तिची कातडी सावळी आहे. ‘वाद’ असे लिहिले की उपाय म्हणून दोघींना समोरासमोर बसवून एकमेकींची माफी मागायला लावतात. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात खरोखर तसेच झाले. माझी लेक घरी येऊन म्हणाली, “मी पण सॉरी म्हटलं, पण कशाबद्दल ते मला कळलं नाही.”

ताईने मला मॅकफर्सन अहवाल वाचायला सांगितला. स्टीफन लॉरेन्स या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा 22 एप्रिल 1993 रोजी आग्नेय लंडनमधील एल्टम येथे खून झाला. त्या तपासातील पोलिसांच्या हलगर्जीपणाची चौकशी होऊन फेब्रुवारी 1999 मध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाला. जी घटना पीडित व्यक्तीला किंवा इतर कोणालाही वर्णद्वेषी वाटते ती वर्णद्वेषी घटना, अशी सरळ व्याख्या त्यात आहे, आणि शाळांनी अशा घटनांची नोंद ठेवावी अशी शिफारसही आहे. करणाऱ्याच्या मनात काय होते हा प्रश्न नोंद झाल्यानंतरच्या चौकशीचा असतो. नोंद म्हणजे दोषारोप नव्हे, हे मी मुख्याध्यापिकांना दोन पत्रांतून लिहिले, आणि दोन्ही वेळा ‘आपली काळजी आम्ही समजू शकतो’ असे एका ओळीचे उत्तर मिळाले.

तेव्हा मी मुलीविषयीची शाळेतील सर्व माहिती लेखी मागितली. इथल्या माहिती संरक्षण कायद्यानुसार अशा विनंतीला एका महिन्यात उत्तर द्यावे लागते, आणि शाळेने ते एकोणतिसाव्या दिवशी दिले. पाकिटात अकरा पाने होती. फाटकावरच्या पाच भेटींपैकी चार भेटींचा त्यात मागमूस नव्हता. पाचवीची, म्हणजे मी कोपर दाखवले त्या सोमवारची, नोंद एवढीच होती : ‘आई चिंतेत. मैत्रीतील वाद. लक्ष ठेवणे.’ कोपराचा उल्लेख नाही, भिंतीचा नाही, रंगाचा नाही. मी स्वयंपाकघराच्या टेबलाशी उभ्याउभ्याच ते वाचले आणि नंतर बराच वेळ मला बसवेना. मी गप्प बसले असते तर माझ्या मुलीच्या त्या दोन महिन्यांचा शाळेच्या लेखी एवढाच इतिहास उरला असता.

(नंतर कळलेली एक गोष्ट इथेच सांगते. आमच्यासारखी स्थानिक परिषदेच्या अखत्यारीतली शाळा असेल, तर पालकाला मुलाची शैक्षणिक नोंद पंधरा शालेय दिवसांत पाहता येते आणि त्यासाठी महिनाभर थांबावे लागत नाही. ॲकॅडमी प्रकारच्या, म्हणजे परिषदेच्या अखत्यारीत नसलेल्या सरकारी शाळांना हा नियम लागू नाही.)

त्या अकरा पानांनी आमची बाजू उभी केली. मी शाळेच्या संकेतस्थळावरून तक्रारीचे धोरण आणि वर्तणुकीचे धोरण उतरवून घेतले. ही कागदपत्रे पहिल्याच दिवशी उतरवून ठेवावीत, असे माझे आता सर्वांना कळकळीचे सांगणे आहे. आमच्या शाळेच्या तक्रार धोरणात घटनेपासून तीन महिन्यांची मुदत होती, आणि ‘लक्ष ठेवते’ ऐकण्यात त्यातला मोठा भाग सरला होता. 2006 च्या शिक्षण व तपासणी कायद्यानुसार सर्व प्रकारची दादागिरी रोखण्याचे उपाय शाळेने ठरवावे लागतात, आणि आमच्या शाळेच्या धोरणात वर्णावरून होणाऱ्या त्रासाची स्वतंत्र नोंद करण्याचे वाक्य स्पष्ट होते. शाळा स्वतःचेच लिहिलेले पाळत नव्हती.

तक्रारीतील सर्वांत उपयोगी पडलेला मुद्दा मात्र मला एका रात्री अचानक सुचला. 2010 चा समानता कायदा मुलांनी मुलांशी कसे वागावे याला थेट लागू होत नाही, पण शाळेने वर्णावरून होणारा त्रास इतर त्रासापेक्षा कमी गांभीर्याने घेतला, तर तो शाळेकडून झालेला भेदभाव ठरू शकतो. त्याच सत्रात वर्गातील एका मुलाने दुसऱ्याचा चष्मा लपवला होता आणि त्याच दिवशी दोन्ही घरी पत्रे गेली होती. चष्म्यासाठी एक दिवस आणि माझ्या मुलीसाठी सात आठवडे, एवढेच मी तारखांसह मांडले.

पुढचे सगळे भराभर झाले. गव्हर्नर मंडळाच्या अध्यक्षांकडे लेखी तक्रार गेली, आणि मार्चमध्ये या प्रकरणाशी पूर्वी संबंध न आलेल्या तीन गव्हर्नरांच्या समितीपुढे आम्हाला बोलावले. ताई सोबत बसली होती. सोबत कोणाला तरी न्यावेच, कारण बोलताना माझा आवाज दोनदा भरून आला आणि तेव्हा पुढचा मुद्दा तिने वाचून दाखवला. तक्रारीच्या शेवटी आपल्याला काय हवे ते नेमके लिहावे. मी चार गोष्टी मागितल्या होत्या : नोंद दुरुस्त करावी, दुपारच्या सुट्टीत त्या भिंतीजवळ मोठे माणूस उभे असावे, माझ्या मुलीचे नाव न घेता वर्गात या विषयावर धडा घ्यावा, आणि वर्गशिक्षिकेने तिच्याशी बोलावे.

एका हितचिंतकाने पोलिसांत जा म्हणून सांगितले होते. इथे दहा वर्षांखालील मुलावर फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि मला त्या मुलांना पोलिसांसमोर उभे करायचेही नव्हते. शाळांची तपासणी करणाऱ्या ऑफस्टेड या सरकारी संस्थेला लिहावे असेही काहींनी सुचवले. पण ऑफस्टेड एकेका मुलाचा तंटा सोडवत नाही, शाळेच्या एकूण कारभाराचा विचार करते. गव्हर्नरांकडे दाद लागली नसती तर शिक्षण खात्याकडे जाण्याची माझी तयारी होती. वर्णभेदाचा दावा काउंटी न्यायालयात करायचा तर सहा महिन्यांची मुदत असते, म्हणून ती तारीखही मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली होती. त्या मुलांच्या पालकांना परस्पर गाठायचे मी कटाक्षाने टाळले. त्यांपैकी एक आई निकालानंतर स्वतः आमच्या दारी आली, मुलाला सोबत घेऊन, आणि त्या मुलाने माझ्या लेकीला विचारले की शनिवारी बागेत येतेस का. ती गेली.

समितीचे पत्र दहा दिवसांत आले. नोव्हेंबरच्या त्या सोमवारची नोंद दुरुस्त होऊन तिथे ‘वर्णद्वेषी घटना’ असे लिहिले गेले आहे आणि तिची प्रत आम्हाला मिळाली आहे. मी ते वाक्य मुलीला वाचून दाखवले. तिने विचारले, “म्हणजे त्यांनी माझं खरं मानलं?” मी हो म्हणाले. भिंतीजवळ आता एक सुपरवायझर उभी असते आणि वर्गातला धडाही झाला.

चौथी मागणी समितीने ‘शिक्षिकेला कळवली आहे’ एवढ्यावर सोडली. त्या रोज सकाळी फाटकावर असतात, मला सुप्रभात म्हणतात, माझ्या लेकीचा डबा विसरला तर तो आत पोहोचवतात. तिच्याशी या विषयावर त्या अजून एक शब्दही बोललेल्या नाहीत. सत्र संपायला नऊ दिवस उरले आहेत आणि काल मी त्यांना पुन्हा एकदा लेखी आठवण पाठवली आहे.