आकृती ४.३ आणि माझे पाच हेलपाटे

बी. ई. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आम्ही चौघांनी बेदाण्यासाठी सोलर ड्रायर केला. पत्रे कापले, तासगावहून द्राक्षं आणली, डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून ट्रेवर पसरली, दर दोन तासांनी वजनं घेतली. ते सगळं निभावलं. अडकलो ब्लॅक बुकातल्या, म्हणजे प्रोजेक्टच्या बाइंड केलेल्या रिपोर्टातल्या, चित्रांपाशी.

गाइड सरांनी पानं चाळून ‘छान झालंय’ म्हणत पहिल्याच दिवशी सही दिली. त्या ‘छान’चा मला अजून राग आहे. कारण पुढची सही फॉरमॅट तपासणाऱ्या मॅडमची होती.

पहिल्या फेरीत त्यांनी फक्त पेन फिरवलं. टेबलचं शीर्षक वर, आकृतीचं खाली. आमचं सगळं वर. अर्ध्या तासाचं काम, केलं.

दुसऱ्या फेरीत ड्रायरच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, “याला मजकुरात बोलावलंय कुठे?” कुठेच नव्हतं. तेवीस आकृत्यांपैकी नऊ अशा बिनबुलाया. मी घरी येऊन नऊ ठिकाणी एकच वाक्य घातलं: ‘आकृती अमुक-तमुकमध्ये हे दाखवलं आहे.’

तिसऱ्या फेरीत ती नऊच्या नऊ वाक्यं लाल झाली. “दाखवलंय ते मला दिसतंय. मी त्यात काय बघायचं, ते लिही.”

बाहेर आल्यावर मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. सबमिशनला सहा दिवस उरले होते, पार्टनर म्हणत होते की बाईंना आपलं तोंड आवडत नाही. रात्री आकृती ४.३ उघडून बसले. तीन ट्रेंचं तापमान, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. काय बघायचं? खालचा ट्रे सगळ्यात गरम, कारण कलेक्टरची, म्हणजे उन्हावर हवा तापवणाऱ्या भागाची, हवा खालून येते. लिहिलं. मग? मग दिसलं की अकरा, एक आणि तीन वाजता तिन्ही रेषा एकदम खाली येतात. महिनाभर तो ग्राफ आमच्यासमोर होता आणि आम्ही ते ढगांवर ढकललं होतं. ढग घड्याळ लावून येतात होय? त्या वेळांना आम्ही दार उघडून ट्रे वजनाला बाहेर काढत होतो! म्हणजे वाळवण्याचा वेळ आम्ही मोजतामोजताच वाढवला होता. यावर चौथ्या प्रकरणात एक अख्खं पान झालं, आणि खरं सांगायचं तर पूर्ण रिपोर्टात तेवढंच पान आमच्या डोक्यातून आलेलं आहे. बाकी मागच्या वर्षीच्या मुलांची कृपा.

चौथा हेलपाटा रंगांचा. स्क्रीनवर लाल, निळी, हिरवी रेषा. काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये तिन्ही करड्या. रेषा सलग, तुटक आणि ठिपक्यांची करा, वर गोल-चौकोन-त्रिकोण द्या. उभ्या अक्षावर नुसतं ‘तापमान’ लिहू नका, पुढे अंश सेल्सिअस हवं. यासाठी मला एक अख्खी फेरी घालावी लागली.

हे खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवं होतं: आकृत्यांचे नंबर हाताने टाइप करू नका. आम्ही केले. मग एक फोटो काढून टाकला, ४.३ ची ४.२ झाली, आणि मजकूर मात्र ४.३ लाच चिकटून. वर्डमध्ये ‘इन्सर्ट कॅप्शन’ने नंबर द्या, मजकुरात ‘क्रॉस-रेफरन्स’ने बोलवा, शेवटी सगळं सिलेक्ट करून एफ ९ दाबा. आणि दाबल्यावर वाचा. पाचव्या फेरीला माझ्या पान ३७ वर ठळक अक्षरांत ‘एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड’ छापून गेलं होतं. मॅडम पहिल्यांदाच हसल्या. (कॉम्प्युटरवाले वर्डऐवजी लाटेक नावाचं सॉफ्टवेअर वापरतात, त्यांना नंबरांची चिंता नाही, पण त्यांचं चित्र म्हणे स्वतःच्या मर्जीने दोन पानं पुढे जाऊन बसतं.)

सही मिळाली तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. धावत बायंडिंगवाल्या काकांकडे. पीडीएफच न्या, एका मित्राने वर्डची फाइल दिली आणि दुकानातल्या मशीनवर त्याची चित्रं शीर्षकांपासून तुटून पुढच्या पानावर गेली. डावीकडे दीड इंच समास सोडा, नाहीतर रुंद ग्राफचा उभा अक्ष शिवणीत जातो.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या एक्स्टर्नल सरांनी ब्लॅक बुक हातात घेतली, सोनेरी अक्षरं वाचली, बंदच टेबलावर ठेवली आणि विचारलं, “खर्च किती आला?”