बाहेर ओढतं कोण?

जिवाणू आपलं लांब प्रथिन पेशीबाहेर कसं काढतो, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. दर २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, पुण्यात पाषाणला प्रयोगशाळा बघायला कॉलेजची मुलं येतात. त्यातलं एखादं हमखास विचारतं, "मॅडम, जिवाणूच्या बाहेर एटीपी नाही, मग एवढं लांब प्रथिन बाहेर ओढतं कोण?" फार चांगला प्रश्न आहे, पण दोन मिनिटांत उत्तर देऊन होत नाही. एटीपी म्हणजे पेशीला कामासाठी ऊर्जा पुरवणारा रेणू.

डांग्या खोकल्याच्या जिवाणूचं पर्टॅक्टिन हे प्रथिन घेऊ. त्रिगुणी लस टोचून घ्यायला दवाखान्यात बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या प्रत्येकाचा या जिवाणूशी संबंध येतोच. त्याला दोन पटलं, म्हणजे पातळ आवरणं, असतात, आतलं आणि बाहेरचं. आतलं पटल ओलांडताना पेशीची ऊर्जा हाताशी असते, मधल्या फटीत मात्र एटीपी नाही. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. तिचं शेपटाकडचं टोक बाहेरच्या पटलात १२ पट्ट्यांचं पोकळ पिंप होऊन बसतं. त्यासाठी 'बाम' नावाच्या प्रथिनसमूहाची मदत लागते. उरलेली साखळी त्या पिंपाच्या वाटेनं बाहेर पडते. वाट इतकी अरुंद की घडी बसलेलं प्रथिन तिच्यातून जाणारच नाही, उलगडलेलंच जावं लागतं.

परकरात नाडी ओवताना टोक बाहेर आलं की आजी आधी त्याला गाठ मारायची, म्हणजे ते परत आत सरकत नसे. इथेही तसंच होतं. पिंपाला लागून असलेला भाग आधी बाहेर येतो, तिथेच त्याची पक्की घडी बसते, आणि ती घडी आता मागे जाऊ शकत नाही. मग साखळी जसजशी येईल तसतसं एकेक वेटोळं तिच्यावर चढत जातं. १९९६ साली पर्टॅक्टिनची रचना उलगडली तेव्हा अशी १६ वेटोळी दिसली.

हे नुसतं कल्पनेचं चित्र नाही. २००९ सालचा एक प्रयोग मला अतिशय आवडतो. साखळीत दोन सिस्टीन, म्हणजे एकमेकांशी बंध जोडू शकणारी अमिनो आम्लं, घातली. मधल्या फटीत ती एकमेकांना बांधली गेली, फास पडला आणि प्रथिन अर्ध्या वाटेत अडकलं. मग कुठलं टोक बाहेर आहे ते तपासलं, तर शेपटाकडचंच! परीक्षानळीतही पूर्ण उलगडलेलं पर्टॅक्टिन पुन्हा घडीत यायला विलक्षण वेळ घेतं. मला तर हा संथपणा त्याच्या फायद्याचाच वाटतो, कारण फटीतच घडी बसली तर सगळंच अडेल.

मग घडीच ओढते, असं म्हणून मोकळं व्हावं का? बरीच वर्षं मी तसंच शिकवत आले. पण २०१३ मध्ये घडी न बसणारी साखळीसुद्धा याच मार्गानं बाहेर पडलेली दाखवली गेली, आणि त्यात साखळीवरच्या विद्युतभाराला महत्त्व होतं. म्हणजे घडीशिवायही जोर मिळतो. मुलांना मी आता दोन्ही सांगते. पर्टॅक्टिनसारख्या लांब, वेटोळ्यांच्या प्रथिनात घडीचा वाटा मोठा असावा असं माझं मत आहे. बाहेर आल्यावर ते पिंपापासून कापलं जातं, तरी पृष्ठभागाला चिकटूनच राहतं.